झिरो माईलचा खांब बर्डीच्या टेकडीवर का नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. आठवीच्या वर्गाला नागपुरातल्या झिरो माईलला न्यायचं ठरलं. तुम्ही आदल्या दिवशी वर्गात सांगितलं की हा खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू, इथूनच देशातली सगळी अंतरं मोजली गेली. त्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मंग बाजूलेच टेकडी असतानी खांब खाली काऊन गाडला? वर लावला असता तं साऱ्यायले दिसला असता." वर्ग हसला आणि तुम्ही अडकल्या.

त्या पोराला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी तेहतीस वर्षं मोजणीच्या कामात काढली, त्यातली अर्ध्याहून जास्त लेव्हल घेण्यात, म्हणजे जमिनीची उंची मोजण्यात गेली. या खांबाबद्दल मला शेकडो लोकांनी विचारलं असेल, पण जवळपास सगळ्यांना खांबाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांबद्दल जाणून घ्यायचं असतं. घोडे नंतर बसवलेले आहेत, मोजणीशी त्यांचा काही संबंध नाही. तो विषय इथेच संपवू.

टेकडी लागते ती कोन मोजायला. हा खांब आहे उंचीसाठी. आणि उंची टेकडीवरून टेकडीवर उडी मारत येत नाही, ती रस्त्यारस्त्याने पायी येते. पोराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा उलगडा.

टेकड्यांचं काम आधी. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेघ साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोण टाकायला सुरुवात केली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण, त्याच्यावर पुढचा. यासाठी एका टोकावरून दुसरं टोक दिसलंच पाहिजे, म्हणून डोंगरमाथे गाठायचे. डोंगर नसेल तिथे देवळाचं गोपूर. १८०८ मध्ये तंजावरला गोपुरावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, दोर तुटून आदळला होता आणि लॅम्बटनने तो स्वतः दुरुस्त केला. पुढे गंगेच्या सपाट मैदानात त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला तर विटांचे मनोरे बांधावे लागले. ७८ रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीकडून हिमालयाकडे गेलेली ती त्रिकोणांची माळ आपल्या अमरावती आणि नागपूरच्या मधून जाते.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत होता. २० जानेवारी १८२३ ला वाटेतच हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. आपल्यापासून दीड-दोन तासांवर. वीस वर्षं देश मोजत आलेला माणूस नागपूरच्या वेशीपर्यंत पोचला नाही, आणि नागपूरकर झिरो माईलसमोर उभे राहून इंग्रजांनी इथे देशाचा मध्य कसा शोधला ते सांगत असतात.

या त्रिकोणांच्या ठाण्यांची खूण म्हणजे माथ्यावरच्या खडकात कोरलेलं वर्तुळ आणि मध्ये ठिपका, भोवती दगडांचा चौथरा. मी नोकरीला नवा असताना अशाच एका डोंगरावर खूण शोधत गेलो, तर चौथऱ्यावर शेंदूर फासलेला आणि नारळाच्या करवंट्या पडलेल्या. गावातल्या आजोबांना विचारलं, हा कोणता देव? म्हणाले, "मोजणीवाल्यांचा." खूण मात्र शाबूत होती. रंगाने का होईना, राखली गेली.

आता उंची. टेकडीवरून टेकडीची उंची काढता येत नाही असं नाही, काढतात. पण दोन माथे चाळीस किलोमीटर लांब असले तर पृथ्वीच्या गोलाईमुळे समोरचा माथा सव्वाशे मीटरने खाली गेलेला असतो. हे गणितात धरता येतं. अडचण हवेची. हवेतून येताना नजरेची रेघ वाकते, आणि ढोबळ हिशोबाने गोलाईच्या सातव्या हिश्श्याएवढा फरक पडतो, म्हणजे इथे अठरा मीटरच्या आसपास. सकाळी एक, दुपारी दुसराच. त्यात दहा टक्के इकडेतिकडे झालं की पावणेदोन-दोन मीटर गेले. शिखराची उंची सांगायला ते चालून जातं. शहराची गटारं घालायला चालत नाही. नागनदीच्या काठच्या वस्त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री कोणाच्या घरात पाणी शिरलं आणि कोणाचं घर वाचलं, हे कित्येक ठिकाणी एखाद्या फुटाने ठरलं.

म्हणून उंची आणायची पद्धत वेगळी. गवंड्याची पाणसळ पाहिली असेल ना, तिचंच हे थोरलं भावंड. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, बुडबुडा मध्ये आणायचा, की नजर आडवी सपाट झाली. मागे पन्नास मीटरवर आकडे लिहिलेली उभी पट्टी, पुढे पन्नास मीटरवर तशीच दुसरी. आम्ही तिला स्टाफ म्हणतो. मागचा आकडा वाचायचा, पुढचा वाचायचा, दोन्हींतला फरक म्हणजे त्या शंभर मीटरमधला चढ किंवा उतार. मग दुर्बीण उचलायची आणि पुढे चालायचं. मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवलं की गोलाईची चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि वजाबाकीत उडून जाते, हवेचीही बरीचशी जाते. गंमत आहे की नाही? चूक दुरुस्त करायची नाही, दोन्ही पारड्यांत सारखी टाकायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. समजा मुंबईच्या समुद्रापासून नागपूरपर्यंत असं चालत यायचं आहे. रस्ता आठशे किलोमीटरच्या वर. शंभर-शंभर मीटरच्या हिशोबाने आठ हजार वेळा दुर्बीण मांडायची. आणि एकदा आणलेल्या उंचीवर कोणी विश्वास ठेवत नाही, उलट दिशेनेही तेवढंच चालायचं. सोळा हजार मांडण्या. इतकं करून आमच्या शास्त्रात चूक किती चालते? अचूक कामाला चार मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ. आठशेचं वर्गमूळ अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे एकशे तेरा मिलिमीटर. मुंबई ते नागपूर अंतरात एक वीतभर सुद्धा नाही.

उन्हाळ्यात विदर्भात हे काम कसं चालतं तेही मुलांना सांगा. सकाळी साडेपाचला सुरू आणि नऊ-साडेनऊला बंद. त्यानंतर डांबरावरून झळा उठतात आणि स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात. दोनाचे तीन दिसतात. एकदा मी हट्टाने अकरापर्यंत काम ओढलं. सहा किलोमीटरचा टप्पा होता, मुक्कामाला जायची घाई. संध्याकाळी हिशोब जुळवला तर दहा मिलिमीटरची चूक बसायला हवी तिथे एकोणीस आली. माझ्याबरोबरचे म्हातारे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस, काही न बोलता मला रस्त्यावर घेऊन गेले आणि डांबरात पडलेली तिपाईच्या पायांची तीन भोकं दाखवली. गरम डांबरात तिपाई हळूहळू बसत होती आणि मी ऐटीत आकडे लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी सहाही किलोमीटर पुन्हा. तेव्हापासून तिपाई डांबराच्या बाहेर, मुरमात.

आता यात टेकडी आणा. अचूक कामाची पट्टी तीन मीटरची. तिचा खालचा अर्धा मीटर आम्ही वाचत नाही, कारण जमिनीलगतची हवा सगळ्यात जास्त लबाड. म्हणजे चढावर एका मांडणीत फार तर दोन-सव्वादोन मीटर वर सरकता येतं, आणि पन्नास मीटरची नजर दहा-पंधरा मीटरवर येते. बर्डीच्या, म्हणजे झिरो माईलच्या बाजूच्या सीताबर्डीच्या टेकडीवर उंची न्यायची तर मांडण्यांवर मांडण्या, आणि प्रत्येक मांडणी म्हणजे चुकीला एक जास्तीची संधी. वर नेऊन करायचं काय? रेल्वे खाली, रस्ते खाली, नाले खाली, तलावांचे सांडवे खाली. ज्याला उंची हवी तो पुन्हा टेकडी उतरून खाली आणणार. विहीर गच्चीवर खोदण्यातला प्रकार.

दुसरंही कारण आहे, साधं. सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या नोव्हेंबरपासून लष्कराची. २६ आणि २७ तारखेला अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई ही टेकडी आणि तिच्या शेजारची टेकडी इथेच झाली, मग तिथे किल्ला बांधला गेला. आजही सामान्य माणसाला आत जायला मोजके दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. उंचीची खूण अशी हवी की कोणत्याही खात्याचा कनिष्ठ अभियंता मंगळवारी सकाळी येऊन स्टाफ टेकवू शकेल.

म्हणून खांब खाली, रस्त्याच्या कडेला. बागेत, हिरवळीत बसवलेला आज दिसतो, पण मूळ कारण रस्ता.

तिथे गेल्यावर मुलांची नजर खांबावरून खाली आणा. वालुकाश्माच्या त्या उंच खांबाकडेच सगळे बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. माझ्यासारख्याच्या दृष्टीने तिथली खरी चीज म्हणजे १९०७ साल कोरलेली जी.टी.एस. स्टँडर्ड बेंचमार्कची, म्हणजे पक्क्या मोजलेल्या उंचीची खूण. जी.टी.एस. म्हणजे तेच, लॅम्बटनने सुरू केलेलं ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. मुलांना वहीत लिहायला लावा आणि मीटर करायला सांगा. ०.३०४८ ने गुणायचं, ३१०.९४८ मीटर येतील.

मग विचारा, दशांशानंतर तीन आकडे कशासाठी? फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, पोस्टकार्डाची जाडी. आत्ताच तर मी म्हणालो की समुद्रापासून येताना दहा-अकरा सेंटिमीटरची चूक चालते. मग पोस्टकार्डाच्या जाडीचा हा रुबाब कशाला?

हा प्रश्न चांगल्या अभियंत्यांनाही गोंधळात टाकतो. इथे दोन गोष्टी आहेत. समुद्रापासून नागपूर किती उंच, हा एक. आणि या खांबापासून कामठी रोडवरचा एखादा पूल किती वर किंवा खाली, हा दुसरा. पहिल्यात थोडी चूक राहिली तरी सगळ्या शहराची उंची एकत्रच वर किंवा खाली सरकते, नाल्याचा उतार बदलत नाही. दुसऱ्यात मात्र मिलिमीटर सांभाळावा लागतो, कारण पाणी दोन ठिकाणांतला फरकच बघतं. शेवटचे आकडे या दुसऱ्या कामासाठी.

आणि समुद्र तरी कोणता? भारतात १८५८ ते १९०९ या काळात झालेल्या लेव्हलच्या जाळ्याला नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींचा आधार होता. त्यात कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम वगैरे. या प्रत्येक ठिकाणची सरासरी पाणीपातळी शून्य धरली. प्रत्यक्षात सगळीकडचं पाणी एकाच पातळीत नसतं, पण कुठेतरी शून्य धरल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. सगळ्या बाजूंनी समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात आपण समुद्राच्या नावाने आकडा वाचतो, त्यामागे एवढं चालणं आहे.

पोरांकडे मोबाइल असेल तर एक जण हमखास म्हणेल की फोन वेगळीच उंची दाखवतो. उपग्रहाची कच्ची उंची समुद्रसपाटीवरून नसते, पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत अंडाकृती आकारावरून असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त कमी येते. काही फोन ती दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. फोन खोटं बोलत नाही, त्याचं शून्य वेगळं आहे.

आता मध्यबिंदूचं. ताई, इथे तुम्हाला वर्गात थोडं मागे यावं लागेल.

१९०७ चा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ब्रह्मदेश हिंदुस्थानात, बलुचिस्तान हिंदुस्थानात, ढाका-लाहोर हिंदुस्थानात. त्या देशाचा मध्य आणि आजच्या भारताचा मध्य एकाच ठिकाणी कसा येईल? तेव्हाचा असेल तर आजचा नाही, आजचा असेल तर तेव्हा तो तिथे ठरवून कोण बसवेल? आजच्या भारताचा भौगोलिक मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाचं नाव घेतात. त्यावरही वाद घालता येतो, अंदमान धरायचं की नाही इथूनच सुरुवात. आणि कोन मोजणाऱ्याला किंवा लेव्हलवाल्याला देशाच्या मध्याची गरजच नसते. कॅरम बोर्डचा मध्य खेळाला लागतो, बोर्ड बनवणारा सुतार कडेपासूनच मोजतो.

खांबावर कोरलेली अंतरं मुलांना वाचायला लावा, म्हणजे तुम्हाला सांगावंही लागणार नाही. कवठा ६२ मैल, हैदराबाद ३१८, चांदा (आजचं चंद्रपूर) १२५, रायपूर १७४, जबलपूर १७०, सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. मुंबई कुठे आहे? कलकत्ता, मद्रास, दिल्ली? सगळ्या देशाची अंतरं इथून मोजायची असती तर राजधानी कलकत्ता सोडून सिवनी-छिंदवाड्याला कोणी जागा दिली असती? ही नागपुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांची यादी आहे. मध्य प्रांताच्या मुख्य ठिकाणाहून आजूबाजूला जायला किती मैल, एवढंच.

ती अंतरं सरळ रेषेतली नाहीत, रस्त्याची आहेत, हे शोधून काढायला वर्गाला आवडेल. १.६०९ ने गुणायचं. रायपूर २८० किलोमीटर, सिवनी १२७, आजच्या रस्त्याशी चांगलं जुळतं. आता चांदा करा. १२५ मैल म्हणजे २०१ किलोमीटर! आज आपण चंद्रपूरला दीडशे-एकशेसाठ किलोमीटरमध्ये पोचतो, आणि नकाशावर फूटपट्टी ठेवली तर सरळ अंतर एकशे तीस-पस्तीसच भरतं. चंद्रपूर जागचं हललेलं नाही, रस्ता हललाय. मला स्वतःला त्या खांबावरचा हा सगळ्यात आवडता आकडा.

खुणेची निगा हा वेगळा विषय आहे, पण एक सांगतो. बेंचमार्कचं सगळं मोल तो न हलण्यात. एका तालुक्याच्या गावी रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या माणसांनी आमचा जुना बीएमचा, म्हणजे बेंचमार्कचा, दगड उचलला आणि नंतर "साहेब, जसाच्या तसा लावून देतो" म्हणाले. लावलाही, सिमेंटने, छान ओळंब्यात. बिचाऱ्यांना त्यात काय बिघडलं ते कळेना. हललेला बीएम नसलेल्या बीएमपेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विसंबतो. झिरो माईलच्या आसपास आता मेट्रोचं स्टेशन आहे, फ्रीडम पार्क आहे, लोक येतात ही चांगली गोष्ट. फक्त मुलांना खांबावर नि खुणेवर चढू देऊ नका.

शेवटी, सहलीत करायला एक काम. दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी घ्या, गवंडी वापरतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, पाण्यात चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी दिसेल. एका पोराने नळीचं टोक खांबाच्या पायाशी धरायचं, दुसऱ्याने फुटपाथवर, दोघांकडे मीटरपट्टी. जमिनीपासून पाणी कुठवर आलं ते दोघांनी वाचायचं, वजाबाकी करायची. मग जागा बदलून पुन्हा, आणि दोन उत्तरांत किती मिलिमीटर फरक आला ते फळ्यावर लिहायचं. प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला वही सांभाळायला द्या. आणि सकाळी आठच्या आत पोचा. नऊनंतर नळी तापली की दोन टोकांचं पाणी सारखं राहत नाही, पोरं एकमेकांवर ढकलतील आणि चूक उन्हाची असेल.